बुद्धिबळाच्या पटावरचे गहू आणि आमच्या सोसायटीतले ५१ फ्लॅट

तळमजला | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. दहावीनंतर मी गणिताला सोडलं आणि गणिताने मला, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

कन्या सहावीत आहे. काल झोपताना तिला बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सांगितली. राजा खूश होतो, खेळ शोधणारा म्हणतो की पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी ६४ घरं भरा. राजा हसतो, मग कोठारं रिकामी होतात. इथे पोरांनी "बापरे" म्हणायचं आणि झोपायचं, अशी पद्धत आहे. आमची झोपली नाही. म्हणाली, "बाबा, एवढे गहू आपल्या सोसायटीत सगळ्यांना सारखे वाटता येतील का? एकही दाणा न उरता?"

सोसायटीत ५१ फ्लॅट आहेत. मोबाईलवर हिशोब करायला गेलो तर १.८४४६७४४०७ आणि पुढे 'ई १९' असं काहीतरी आलं. एक्सेलमध्ये टाकलं तर १८४४६७४४०७३७०९६०००००. शेवटची पाच शून्यं बघून बरं वाटलं, म्हटलं निदान दहाने तरी भाग जातोय. आज ऑफिसातला एकजण म्हणाला ती शून्यं खोटी आहेत, खरी संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५ आहे.

तर हा आकडा मराठीत वाचायचा कसा? ५१ ने भाग जातो का, आणि जात असेल तर मशीनशिवाय कळणार कसं? की हा नुसताच अगडबंब आकडा आहे, बाकी त्यात बघण्यासारखं काही नाही?

टिचकी | रात्री १०:०२

आमच्या सोसायटीतही ५१ फ्लॅट आहेत, पण मेन्टेनन्स भरणारे ३४. तुमच्याकडेही तसंच असेल तर आधी त्या ३४ जणांत वाटा. बाकीच्यांना कोंडासुद्धा नको.

आरामखुर्ची | रात्री १०:१०

ही मर्सेन संख्या आहे (२ चा कोणताही घात वजा १). मर्सेन संख्या मूळ असतात, त्यामुळे ५१ नेच काय, कशानेच भाग जाणार नाही. संपला विषय.

बे_एके_बे | रात्री १०:११

@आरामखुर्ची, शेवटी ५ आहे हो.

आरामखुर्ची | रात्री १०:१९

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

बे_एके_बे | रात्री १०:२०

काढून काय उपयोग, सगळ्यांनी वाचला. 😀 हलकेच घ्या.

दळण | रात्री ११:०५

भागाकार मला जमणार नाही, पण गहू माझा विषय आहे. आत्ता डब्यातला लोकवन काढला, १०० दाणे मोजले आणि दागिन्यांच्या छोट्या काट्यावर ठेवले. ४ ग्रॅमच्या जरासं वर. सोयीसाठी ४ धरू, म्हणजे एक दाणा ०.०४ ग्रॅम.

पटाची पहिली ओळ, आठ घरं: २५५ दाणे, १० ग्रॅम. मुठीतही जाणवणार नाही. दुसरी ओळ भरली की एकूण २ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे आमचं चार दिवसांचं दळण. तिसरी संपली की ६७१ किलो. चौथी संपली, म्हणजे अर्धा पट झाला, की साधारण १७२ टन. दहा टनी सतरा ट्रक उभे करा. गोष्टीतला राजा बहुतेक इथपर्यंत हसत असणार, कारण १७ ट्रक म्हणजे राजाला काहीच नाही.

पाचवी ओळ: ४४ हजार टन. सहावी: १ कोटी १२ लाख टन. सातवी: २८८ कोटी टन. अख्ख्या जगात वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो, म्हणजे सातव्या ओळीपर्यंत साडेतीन वर्षांचं जगाचं पीक गेलं. आणि आठवी ओळ भरून झाली की एकूण ७३ हजार ८०० कोटी टन. सगळ्या जगाने नऊशे वर्षं गहू पिकवायचा आणि पोळी खायची नाही.

प्रत्येक ओळीला २५६ पट होतंय. हे २५६ मला आधी माहीत नव्हतं, काट्यावरचे हिशोब मांडताना दिसलं.

आळशी_मांजर | रात्री ११:१२

रात्री अकरा वाजता १०० दाणे मोजणाऱ्या दळणताईंना साष्टांग.

खडू_आणि_फळा | रविवार, सकाळी ६:४०

तळमजला, कन्येला माझ्याकडून शाबासकी द्या. पस्तीस वर्षं शिकवलं, ही गोष्ट जवळजवळ दर वर्षी सांगितली, पण "सारखे वाटता येतील का" हे एकाही पोराने विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही.

आता उत्तर. आकड्याकडे बघूच नका, तो घाबरवायला बसलाय. पटाकडे बघा.

पहिली दोन घरं घ्या. १ आणि २, मिळून ३ दाणे. पुढची दोन घरं, ४ आणि ८, मिळून १२, म्हणजे तीनाची चौपट. त्यापुढची दोन, १६ आणि ३२, मिळून ४८, पुन्हा चौपट. ६४ घरांच्या ३२ जोड्या. प्रत्येक जोडीला ३ ने भाग जातो, म्हणून सगळ्या ढिगाला जातो. (आकड्यांची बेरीज करून पडताळा हवा असेल तर ती ८७ येते. ३ ने जातो, ९ ने जात नाही.)

आता चार-चार घरांचे गट करा. १, २, ४, ८ मिळून १५. पुढचा गट याच्या १६ पट, त्यापुढचा त्याच्याही १६ पट. म्हणून १५ ने भाग जातो.

आता आडवी अख्खी ओळ. दळणताईंनी काल रात्री सांगितलंच आहे: पहिल्या ओळीत २५५ दाणे, आणि पुढची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या २५६ पट. म्हणून २५५ ने भाग जातो. २५५ म्हणजे ३ × ५ × १७.

आणि ५१ म्हणजे ३ × १७. झालं काम. ना मशीन, ना लांबलचक भागाकार. प्रत्येक फ्लॅटला ३६१७००८६४१९०३८३३६५ दाणे येतात आणि एकही उरत नाही.

मेन्टेनन्स भरणाऱ्या ३४ जणांत मात्र वाटता येणार नाहीत. ३४ मध्ये १७ आहे खरा, पण २ पण आहे, आणि आपला ढीग विषम आहे. पहिल्या घरातला तो एकटा दाणा जोडीदाराशिवाय राहतो.

टिचकी | सकाळी ८:१५

म्हणजे मेन्टेनन्स न भरणाऱ्यांनाही द्यावे लागणार. गणितसुद्धा थकबाकीदारांच्या बाजूने. 🙏

तळमजला | सकाळी ८:३०

सर, दंडवत! कन्येला पट मांडून दाखवला, तिला माझ्या आधी कळलं. आता सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार आहे.

बे_एके_बे | सकाळी ९:०५

तळमजला, तुमचं नशीब बघा. शंभराच्या आत या संख्येला कशाकशाने भाग जातो ते शोधत बसलो होतो. १, ३, ५, १५, १७, ५१, ८५. बस, एवढेच. दोन आकडी तर चारच. त्यात नेमके ५१ फ्लॅट असणं म्हणजे बिल्डरची कृपा.

पोथीवाला | सकाळी १०:२०

वाचायचं कसं, हा प्रश्न राहिलाच. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दसपट: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. आपली संख्या वीस आकडी, म्हणजे परार्धाच्याही डोक्यावरून जाते.

तेव्हा वाचा: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार, ६१५. निखर्वाच्या जागी शून्य आहे म्हणून तो गाळला.

जलधी म्हणजे समुद्र. एक कोटी कोटींना आपले लोक एक समुद्र म्हणायचे, हे मला फार आवडतं.

इंदूरी_पोहे | सकाळी १०:४४

खर्वावर आक्षेप! आमच्याकडे इंदूरला शाळेत शिकवलं की सौ अरब म्हणजे एक खरब. तुमचा खर्व दहा अब्जांचाच दिसतोय. आम्ही घरी मराठी बोलतो आणि बाजारात हिंदी, त्यामुळे एकाच दिवसात माझा खर्व दसपट लहान-मोठा होतो.

पोथीवाला | सकाळी ११:००

बरोबर आहे तुमचं. हिंदीत अरब आणि खरब शंभरपटीने जातात, लीलावतीतली नावं दसपटीने. गंमत म्हणजे लीलावतीतला अर्बुद दहा कोटींचा आणि हिंदीतला अरब शंभर कोटींचा. नाव तेच, वाटेत शून्य वाढलं. म्हणून कोटीच्या पुढे गेलं की मी सरळ शून्यं मोजतो.

आळशी_मांजर | सकाळी ११:०३

कोटीच्या पुढे आयुष्यात कधी जायची वेळच आली नाही, त्यामुळे माझं कुठेच अडलं नाही.

रात्रपाळी | दुपारी १२:३०

आत्ता उठलो. एवढ्या जुन्या ओळखीच्या संख्येवर धागा आणि मला कोणी उठवलं नाही!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांसाठी ही ६४ बिटमध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या. पटाचं प्रत्येक घर म्हणजे एक बटण समजा, चालू किंवा बंद. सगळी ६४ बटणं चालू केली की हा आकडा. यात एक देखणा गुण आहे, जो गोष्टीत कोणी सांगत नाही. शून्यापासून या आकड्यापर्यंतची कोणतीही संख्या घ्या, पटावरची काही घरं अख्खी उचलून तेवढेच दाणे जमवता येतात, आणि तेही एकाच प्रकारे. तुमचे ५१? सहावं, पाचवं, दुसरं आणि पहिलं घर: ३२ + १६ + २ + १. दुसरा मार्ग नाही.

आणि सगळी बटणं चालू असताना आणखी एक दाणा टाकलात तर सगळी बंद होतात, काटा पुन्हा शून्यावर. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर फिरायचा, तसं.

एक्सेलच्या शून्यांबद्दल: ते पंधरा आकडेच खरे ठेवतं, पुढे शून्यं भरतं. मी एका ठिकाणी कामाला होतो (नाव नको), तिथे वीस आकडी ऑर्डर नंबरांची यादी कोणीतरी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली. सगळ्यांच्या शेपटीला पाच-पाच शून्यं. शेकडो ऑर्डरींचा नंबर एकच झाला. ती रात्र मी विसरलेलो नाही, आयडीचं नावच तेव्हापासून पडलंय.

कडू_कारलं | दुपारी १:१५

सगळ्यांच्या उत्साहावर पाणी ओतायची माझी इच्छा नाही, पण ओततो. यात त्या संख्येचं कौतुक काय? आपणच ती दुपटीदुपटीने बनवली, मग ती गटागटाने तुटणारच. शिंप्याने घडी घालून कापड कापलं आणि उलगडल्यावर दोन्ही बाजू सारख्या निघाल्या, तर तो कापडाचा गुण नाही. तळमजला यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: हो, नुसताच मोठा आकडा आहे.

पोथीवाला | दुपारी २:४०

कारलेबुवांना सर उत्तर देतीलच. मी तोवर जेवणानंतरचं अवांतर.

लीलावतीत दुपटीचं एक उदाहरण आहे, गव्हाचं नाही, कवड्यांचं. एका दात्याने पहिल्या दिवशी याचकाला दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचं कबूल केलं, तर महिन्याभरात किती निष्क दिले? उत्तर येतं २१४७४८३६४६ कवड्या. त्या काळच्या कोष्टकाने (२० कवड्यांची काकिणी, ४ काकिण्यांचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क) हे होतात १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या आणि ६ कवड्या. मी आत्ता वहीत करून पाहिलं, सहा कवड्याच उरतात.

त्यांची रीतही बघण्यासारखी आहे. तीसवेळा दुप्पट करत बसायचं नाही. दिवसांची संख्या सम असेल तर निम्मी करा आणि 'वर्ग' असं लिहून ठेवा, विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुण' लिहा. शून्यापर्यंत आलात की उलट्या दिशेने ते वर्ग आणि गुणाकार करत या. ६४ ला हे लावलं तर फक्त सहा वर्ग: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि शेवटच्याचा वर्ग म्हणजे आपली संख्या अधिक एक. हा ग्रंथ ११५० सालचा.

रात्रपाळी | दुपारी २:५२

थांबा थांबा. २१४७४८३६४६?? त्यात एक मिळवा. २१४७४८३६४७, म्हणजे ३२ बिटमध्ये (चिन्हासकट) मावणारी सगळ्यात मोठी संख्या! २०१४ मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याच्या प्रेक्षकांचा आकडा हिच्यापुढे गेला आणि त्यांना मोजणीसाठी ६४ बिट करावे लागले. भास्कराचार्य एका कवडीने चुकले, नाहीतर तेव्हाच सांगून ठेवलं असतं.

आणि ती 'वर्ग आणि गुण' वाली रीत आम्ही आजही तशीच वापरतो. इंटरनेटवरच्या कुलूपकिल्लीच्या हिशोबात मोठे घात काढायला हीच.

चाळीसगावकर | दुपारी ३:३०

भास्कराचार्यांचा विषय निघाला आणि मी गप्प बसू? आमच्या चाळीसगावजवळ पाटण्याला शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला होता. शिलालेख उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. लहानपणी सहलीला गेलो होतो तेव्हा आमचं लक्ष डब्यातल्या पुऱ्यांकडे होतं. पाटणादेवीला याल तेव्हा वेळ काढा.

बे_एके_बे | दुपारी ३:४१

पण गहू आणि बुद्धिबळाची गोष्ट मुळात भारतातलीच ना?

पोथीवाला | दुपारी ४:००

गोष्ट भारताबद्दलची, पण लिहून ठेवली अरबी लेखकांनी. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानने ती सिस्सा नावाच्या माणसावर सांगितली आहे. त्याच्याही आधी, साधारण हजार वर्षांपूर्वी, अल्-बिरुनीने हा वीस आकडी आकडा बिनचूक काढला होता. तोच अल्-बिरुनी, ज्याने भारतावर ग्रंथ लिहिला.

खडू_आणि_फळा | संध्याकाळी ५:१५

@कडू_कारलं, तुमचं निम्मं म्हणणं मान्य. पण निम्मंच.

पट घडी घालून बघू, तुमच्या शिंप्यासारखा. वरच्या चार ओळी एका बाजूला, खालच्या चार दुसऱ्या बाजूला. खालचा ढीग वरच्याच्या ४२९४९६७२९६ पट. म्हणजे एकूण ढीग = वरचा अर्धा × ४२९४९६७२९७. वरच्या अर्ध्याची पुन्हा घडी घाला: दोन ओळी × ६५५३७. पुन्हा घडी: एक ओळ × २५७. मग अर्धी ओळ × १७, पाव ओळ × ५, आणि शेवटी पहिलं घर × ३. म्हणजे आपली संख्या:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

इथपर्यंत सगळं घडीचं कौतुक, तुमचा मुद्दा बरोबर. आता या सहा संख्या बघा. पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. सतराव्या शतकात फर्माला वाटलं की असंच पुढे चालणार, म्हणजे सहावीही मूळच. ती मोठी होती, तपासून कोण बघणार? १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की नाही, ती ६४१ × ६७००४१७ आहे. हा ६४१ कुठल्याही घडीत नाही. पट कितीही दुमडा, दिसत नाही. तो त्या संख्येचा स्वतःचा आहे.

पडताळा मात्र कागदावर चार ओळींत होतो. ६४० = ५ × १२८, म्हणजे ५ × (२ चा ७ वा घात). ६४० ला ६४१ ने भागलं तर एक कमी पडतो, बाकी −१ म्हणा. चौथा घात केला की −१ चा +१ होतो: ५ चा चौथा घात × २ चा २८ वा घात, बाकी १. पण ५ चा चौथा घात ६२५, म्हणजे ६४१ मध्ये १६ कमी, म्हणजे −(२ चा चौथा घात). दोन्ही जोडा: −(२ चा ३२ वा घात) याची बाकी १. म्हणजेच २ चा ३२ वा घात + १ याला ६४१ ने पूर्ण भाग जातो. दोनदा वाचा, हळूहळू उतरतं.

आणि तुमच्या "दुपटीने बनवली की तुटणारच" याला एक सरळ उत्तर. पट ६४ ऐवजी ६१ घरांचा असता तर? कृती तीच, दुप्पट तीच. बेरीज येते २३०५८४३००९२१३६९३९५१, आणि ही मूळ संख्या आहे. रशियातल्या पेर्वुशिन नावाच्या पाद्र्याने १८८३ मध्ये सिद्ध केलं. ते गहू जगातल्या कुठल्याही सोसायटीत सारखे वाटता आले नसते. एक तर सगळे एकालाच, नाहीतर प्रत्येकाला एकच दाणा.

आरामखुर्ची | संध्याकाळी ५:३०

म्हणजे मी तीन घरांनी चुकलो होतो. एवढंच.

कडू_कारलं | संध्याकाळी ६:०५

६४१ चं मान्य, सर. ६१ चंही. तरी "कापडाचा गुण" मागे घेत नाही, शिंप्याला थोडं श्रेय देतो.

हिमवर्षाव | संध्याकाळी ७:२०

जर्मनीतून. ब्राउनश्वाइगला गाउसचा पुतळा आहे, त्यावर १७ टोकांची चांदणी कोरलेली आहे. हा तोच १७. गाउसने १७९६ मध्ये, वयाची १९ वर्षंही पूर्ण नसताना, दाखवलं की नुसती पट्टी आणि कंपास घेऊन १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. जमतात त्या विषम बाजूंचं रहस्य सरांच्या यादीतच आहे: ३, ५, १७, २५७, ६५५३७, आणि यांतल्या काहींना एकमेकांनी गुणून येणाऱ्या संख्या. अशा एकूण ३१ माहीत आहेत. त्यांतली सगळ्यात मोठी ४२९४९६७२९५, म्हणजे अर्ध्या पटावरचे दाणे! दळणताईंच्या १७ ट्रकांत जेवढे दाणे, तेवढ्या बाजूंचा बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो, तत्त्वतः.

६५५३७ बाजूंचा बहुभुज कसा काढायचा हे हेर्मेस नावाच्या माणसाने दहाएक वर्षं खपून लिहिलं. ते बाड ग्योटिंगेनला ठेवलेलं आहे.

आळशी_मांजर | संध्याकाळी ७:२८

दहा वर्षं. आणि दिसायला वर्तुळच.

रात्रपाळी | रात्री ८:१०

कोणी म्हणायच्या आत मीच सांगतो: काशीच्या देवळातल्या ६४ सोन्याच्या चकत्या, तीन दांड्या, मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही, सगळ्या हलल्या की जग संपणार. त्याला लागणाऱ्या चालीही नेमक्या एवढ्याच. सेकंदाला एक चाल धरली तर ५८४ अब्ज वर्षं. विश्वाचं वय १३.८ अब्ज, तेव्हा घाई नाही. देऊळ काशीत शोधू नका. हा चकत्यांचा खेळ १८८३ मध्ये एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने काढला, दंतकथा खेळासोबत आली.

दळण | रात्री ८:४५

१८८३! म्हणजे सरांच्या पाद्रीबुवांचंच साल.

तळमजला | रात्री ९:४०

मंडळी, परत आलो. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "५१ फ्लॅट, एकही दाणा उरत नाही." चेअरमननी अंगठा दिला. एका काकांनी विचारलं की ठेवणार कुठे. दळणताईंच्या दाण्याच्या वजनाने हिशोब केला तर प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याला चौदाशे कोटी टनांच्या वर येतात. गच्ची कमी पडेल असं सगळ्यांचं मत पडलं.

पण कन्या खूश नाही. म्हणते, "वॉचमनकाकांना का नाही?" आता ५२ झाले. सर, ५२ सम आहे, म्हणजे उरणार हे मलाही कळलं. किती उरतील?

खडू_आणि_फळा | रात्री १०:०५

५२ = ४ × १३. पहिली दोन घरं सोडली तर प्रत्येक घराला ४ ने भाग जातो, म्हणून ४ ने भागून बाकी ३. १३ चं असं, की दुपटीच्या बाक्या बारा घरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, आणि बारा घरांची बेरीज ४०९५ ला १३ ने पूर्ण भाग जातो. ६४ मधून बाराचे पाच गट गेले, चार घरं उरली, त्यांचे १५, आणि १५ ची बाकी २. आता अशी संख्या शोधा जिला ४ ने भागून ३ आणि १३ ने भागून २ उरतात. १५.

पंधरा दाणे उरतील.

टिचकी | रात्री १०:१०

पंधरा दाणे सेक्रेटरीला. वर्षाच्या हिशोबात शिल्लक तेवढीच दाखवतात.

तळमजला | रात्री १०:३२

कन्येने पंधरा दाणे चिमण्यांना द्यायचं ठरवलंय. आत्ता खाली जाऊन वॉचमनकाकांना त्यांचा वाटा सांगूनही आली. ते म्हणाले, "गहू नको गं बाळ, आम्ही कोकणातले, तांदूळ दे."

दळण | रात्री १०:३५

मग १०० दाणे परत मोजायला लागतील. कोलम की आंबेमोहोर?